घरच्या पवनचक्कीचा पिच गव्हर्नर: आधी तुटण्याचा हिशेब

पिच गव्हर्नर म्हणजे वेग वाढला की पाती स्वतःभोवती वळवून चक्की आवरणारी यंत्रणा. तिचं चित्र कागदावर उतरलं की मी त्यातल्या एकेका भागावर पेन्सिल टेकवून एकच प्रश्न विचारतो: हा आत्ता तुटला, तर पातं कुठे जाईल? "वाऱ्यातून बाहेर" असं उत्तर आलं की पुढच्या भागाकडे वळतो. "आहे तिथेच अडकेल" असं आलं तर तो भाग खोडून नव्याने काढतो. "वाऱ्यात आणखी घुसेल" असं आलं तर सरळ कागद बदलतो. बेअरिंग कुठलं, स्प्रिंग किती जाडीची, वजनं किती, हे सगळं त्यानंतर.

एवढी घासाघीस कशासाठी, तर वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते म्हणून. २.४ मीटर व्यासाचा तीन पात्यांचा रोटर, म्हणजे पात्यांसकट फिरणारा भाग, घ्या. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात, वाऱ्यातली ३५ टक्के शक्ती पकडली असं धरलं, तर शाफ्टवर साधारण ९७० वॅट मिळतात. (वाऱ्यातून जास्तीत जास्त किती शक्ती काढता येते ती बेट्झची मर्यादा ५९.३ टक्के. हाताने तासलेल्या लाकडी पात्यांनी ३५ दिले तरी त्यांचे आभार मानावेत.) वारा दुप्पट झाला की हाच आकडा आठपट होतो, म्हणजे पावणेआठ किलोवॅटच्या आसपास. आपला जनरेटर असतो एक किलोवॅटचा. त्यात बॅटरीकडे जाणारी वायर सुटली की जनरेटरचा ब्रेकही गेला आणि रोटर मोकाट सुटला. मिनिटाला ४८० फेऱ्यांवर सव्वा किलोचं पातं हबला (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागाला) सुमारे १४० किलोच्या जोराने बाहेर ओढत असतं. तेच ९०० फेऱ्यांवर जवळपास ५०० किलो.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांना पिच कंट्रोलची गरज नाही. रोटर दोन मीटरच्या आत असेल तर वाऱ्याच्या जोराने वळणारी शेपटी लावा, ती रोटरला आपोआप बाजूला करते. तिच्यात एक तिरपी बिजागरी सोडली तर बिघडण्यासारखं काही नाही. पिचचा खटाटोप मोठ्या रोटरला, किंवा वारा सतत झटके देत असेल अशा जागी परवडतो. शेपटी अख्खा रोटर वळवते आणि फिरता रोटर झटक्यात वळवला की पात्यांच्या मुळाशी जायरोचा, म्हणजे फिरती वस्तू आपली दिशा बदलू देत नाही त्याचा, ताण येतो. पिचमध्ये फक्त पातं स्वतःभोवती थोडं फिरतं.

दिशा कुठली हा दुसरा निर्णय. पात्याची पुढची धार वाऱ्याकडे वळवली की पातं फेदर होतं, उचल कमी होते, रोटरवरचा दाबही उतरतो. उलट दिशेने काही अंश वळवलं तर पातं स्टॉल होतं, म्हणजे हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल ढासळते. स्टॉलला हालचाल कमी लागते, म्हणून तो मोह होतो. पण स्टॉलमध्ये शक्ती कमी झाली तरी टॉवरवरचा दाब फारसा कमी होत नाही, शिवाय पाती थरथरतात आणि आवाज करतात. डेन्मार्कमधली गेडसरची २०० किलोवॅटची चक्की, १९५७ ची, स्टॉलवरच चालायची. पण तिथेही योहानेस यूल यांनी आणीबाणीसाठी पात्यांची टोकं वळतील अशी सोय ठेवलीच होती. आपण फेदरच घेऊ.

आणि मोटर का नाही? आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मोटरने पुढे-मागे सरकणारा लिनिअर अ‍ॅक्च्युएटर, पोकळ शाफ्टमधून जाणारी दांडी, हे सगळं करता येतं. फक्त पेन्सिलवाला प्रश्न विचारून बघा. वीज गेली तर पातं कुठे? अ‍ॅक्च्युएटरचा स्क्रू स्वतःच लॉक होणारा असतो, त्यामुळे पातं जिथल्या तिथे. नेमकी वादळात वीज जाते. मोठ्या चक्क्यांमध्ये प्रत्येक पात्याला वेगळी पिच यंत्रणा असते आणि ती वळवायला बॅटरी किंवा दाबाचा साठा हबमध्येच ठेवलेला असतो, तो याचसाठी. घरच्या कामात एवढं करायचं नसेल तर केंद्रोत्सारी जोरावर चालणारा साधा गव्हर्नर बरा. अमेरिकेतल्या मार्सेलस जेकब्सच्या शेतावरच्या चक्क्या १९३० च्या दशकात याच तत्त्वावर वेग आवरत होत्या.

वजनं कुठे झुकवायची

प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक छोटा दांडा, त्याच्या टोकाला वजन. पातं ज्या आसाभोवती वळतं त्याला आपण पिचचा आस म्हणू. रोटर फिरला की ते वजन रोटरच्या प्रतलात (पाती ज्या सपाटीत फिरतात तिच्यात) यायला बघतं आणि येताना पात्याला वळवतं. म्हणून वजन आधी प्रतलाच्या बाहेर उभं असायला हवं. पण अगदी काटकोनात नाही. काटकोनात वळवण्याचा जोर शून्य असतो, आणि वजन कुठल्या बाजूला पडेल तेही सांगता येत नाही. जोर ४५ अंशांवर सगळ्यात जास्त. म्हणून चालू स्थितीत दांडा प्रतलापासून ६० अंशांवर ठेवा आणि पातं पूर्ण ३० अंश वळल्यावर तो ३० वर येऊ द्या. दोन्ही टोकांना जोराचा गुणक सारखाच येतो, ०.४३३.

बाजू चुकवू नका. वजन वाऱ्याकडच्या बाजूला असेल तर ते पात्याच्या मागच्या धारेकडे झुकलेलं हवं. वजन पाठीमागे, जनरेटरच्या बाजूला असेल तर पुढच्या धारेकडे. उलटं लावलं तर वेग वाढेल तसं पातं भलत्याच दिशेला वळेल. पुठ्ठ्याचं पातं आणि खिळा घेऊन एकदा टेबलावर फिरवून बघा, डोक्यात फिरवून खात्री होत नाही. मी स्वतः वाऱ्याकडची बाजू घेतो, कारण तिथे वजनाला आपटायला काही नसतं आणि नट डोळ्यांना दिसतात.

जोराचा हिशेब असा. वजन किलोमध्ये, गुणिले पिचच्या आसापासूनच्या मीटरमधल्या अंतराचा वर्ग, गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, गुणिले कोनाचे साइन आणि कोसाइन. कोनीय वेग म्हणजे मिनिटाचे फेरे भागिले ९.५५. चारशे ग्रॅम वजन १२ सेंटिमीटरवर ठेवलं तर ४८० फेऱ्यांना ६.३ न्यूटन-मीटर येतात. यातून पात्याचा स्वतःचा विरोध वजा करायचा. पात्याची रुंदीही प्रतलातच चपटी राहायला बघते, म्हणजे फेदरच्या विरुद्ध ओढते. सुरुवातीला हा विरोध जेमतेम ०.२ न्यूटन-मीटर असतो. पण पातं तीस-पस्तीस अंश वळलं आणि वेग ६०० फेऱ्यांवर गेला की तो अडीचच्या पुढे जातो. तो विसरून वजनं ठरवली तर गव्हर्नर उघडायला सुरुवात करतो आणि अर्ध्यात रेंगाळतो.

पिचचा आस पात्याच्या रुंदीत पुढच्या धारेपासून २५ ते ३० टक्क्यांवर घ्या. हवेचा जोर साधारण तिथेच लागतो, त्यामुळे हवा स्वतःहून पात्याला फारशी पिळत नाही. लाकडी पात्याचा गुरुत्वमध्य मात्र त्याच्या मागे असतो आणि तो फार मागे गेला तर पातं फडफडतं. टोकाकडच्या भागात पुढच्या धारेत थोडं शिसं बसवून तो पुढे आणता येतो.

घर्षण, म्हणजे गव्हर्नरचा खरा वैरी

इथे घाई करू नका. आपल्याकडे वळवायला जोर आहे सहा न्यूटन-मीटर. हाताने पान्यावर सहज लावतो एवढाच. आणि ज्या शाफ्टला वळवायचं आहे तो १४० किलोने बाहेर ओढला जातोय, शिवाय वाऱ्याच्या दाबाने वाकवला जातोय.

२५ मिलिमीटर शाफ्ट, गनमेटलची बुशं, ग्रीस नीट भरलेलं, घर्षणांक ०.१५ धरा. नुसत्या ओढीमुळे अडीच न्यूटन-मीटर घर्षण येतं. बुशं एकमेकांपासून ८ सेंटिमीटरवर असतील तर वाऱ्याने वाकवल्याचं घर्षण आणखी पावणेतीन. सहातले पाच असेच गेले! त्यातलं ओढीचं घर्षण वेगाबरोबर वाढतही जातं. कागदावर ४८० फेऱ्यांना उघडणारा गव्हर्नर हिशेबाने ७५० च्या पुढे उघडेल, आणि एकदा उघडला की ३०० च्या खाली आल्याशिवाय मिटणार नाही. प्रत्यक्षात थरथरीमुळे घर्षण थोडं सुटतं, पण त्या भरवशावर कोणी चक्की उभी करू नये.

म्हणून ओढ घ्यायला थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा जोर पेलणारं) लागतंच. २५ मिलिमीटर शाफ्टला ५११०५ नंबरचं बसतं (बाहेरचा व्यास ४२, जाडी ११). वाकणं सांभाळायला ६२०५ नंबरची दोन बॉल बेअरिंग, जमेल तितकी लांब लांब. क्रम लक्षात ठेवा: पातं बाहेर ओढतं, शाफ्टच्या आतल्या टोकाचा नट थ्रस्ट बेअरिंगला दाबतो, बेअरिंग हबच्या भिंतीला आतून टेकतं. म्हणजे अख्खी ओढ नटावर.

हा नट म्हणजे पेन्सिलच्या प्रश्नाला ज्याच्याकडे सुरक्षित उत्तरच नाही असा भाग. तो सुटला तर पातं वाऱ्यातून बाहेर जात नाही, हबमधूनच बाहेर जातं. तिथे काटकसर नको. कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेला), त्यातून आरपार स्प्लिट पिन, आणि नटाच्या मागे शाफ्टवर आणखी एक कॉलर. आटे पाडताना ते थेट खांद्यापर्यंत नेऊ नका. शाफ्ट जिथे जाड होतो त्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई ठेवा, धारदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. पातं धरणारा फ्लँज आणि शाफ्ट एकाच ठोकळ्यातून लेथवर काढलेले सगळ्यात बरे. टर्नर म्हणेल, कशाला एवढा माल वाया घालवता, वेल्ड मारून देतो. त्याला चहा पाजा आणि ठोकळाच द्या. सगळ्यात जास्त ताण येतो नेमक्या त्याच जागी वेल्डिंगचा टाका मला नको असतो.

घर्षण किती राहिलं हे पाती चढवण्याआधी मोजून घ्या. हब जाड टेबलाला बोल्टने आवळा. पात्याच्या शाफ्टला दोन-तीन मीटर लांब वायररोप बांधून चेन पुलीने ओढा, मध्ये वजनकाटा अडकवून १४० किलो येऊ द्या. रोप लांब हवा, कारण आखूड रोप स्वतःच पिळाला विरोध करतो आणि मोजमाप खोटं येतं. मग शाफ्टला २० सेंटिमीटरचा दांडा आडवा आवळून ताणकाट्याने हळू ओढा, आधी एका दिशेला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे पाव किलोच्या आत हलायला लागला तर घर्षण अर्धा न्यूटन-मीटर. ते चालेल. उघडण्या-मिटण्याच्या वेगात प्रत्येकी वीसेक फेऱ्यांचा फरक पडेल, एवढंच. उलट अगदी शून्य घर्षणही नको, नाहीतर गव्हर्नर सारखा उघडझाप करत राहतो. अर्ध्या किलोच्या वर काटा गेला तर बेअरिंग तिरकं बसलंय किंवा सील घासतंय. खोलून बघा.

स्प्रिंग मऊ, लांब आणि आधीच दाबलेली

तिन्ही पाती एका चकतीला जोडायची. हबच्या पुढे मधोमध एक सरकती दांडी, तिच्यावर तीन कानांची चकती, प्रत्येक कानापासून पात्याच्या शिंगापर्यंत दोन रॉड एंडची (टोकाला फिरता सांधा असलेली) काडी. शिंग म्हणजे पात्याच्या शाफ्टवरची ४० मिलिमीटरची आडवी भुजा. ही जोडणी का हवी? चारशे ग्रॅमचं वजन वर-खाली जाताना नुसत्या गुरुत्वाकर्षणाने प्रत्येक फेऱ्याला जवळपास अर्धा न्यूटन-मीटर पुढे-मागे ढकलतं. पाती सुटी असतील तर ती आळीपाळीने हलतात आणि रोटर हादरायला लागतो. एकत्र बांधली की तिघांचं हे ढकलणं एकमेकांत जिरतं.

शिंग मधल्या स्थितीत दांडीला काटकोनात येईल असं लावा, म्हणजे दोन्हीकडे १५-१५ अंश. मग ३० अंशांच्या वळणाला चकती २१ मिलिमीटरच्या आसपास सरकते.

आता स्प्रिंग. बहुतेकांचा हात इथे जाड, आखूड स्प्रिंगकडे जातो, ती दणकट वाटते म्हणून. हिशेब बघा. ४८० फेऱ्यांना तीन पात्यांचा मिळून चकतीवर सुमारे ४७५ न्यूटन जोर येतो. तेवढ्या जोराला स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची, मग त्या वेगाखाली काहीच हलणार नाही. पुढे स्प्रिंग मिलिमीटरला १५ न्यूटनची असेल तर पातं पूर्ण वळायला ७१० फेरे लागतात. तीच ४.१ न्यूटनची असेल तर ६०० पुरतात. मऊ स्प्रिंग आणि मोठा आधीचा दाब, हेच गमक.

५ मिलिमीटर तार, वेढ्याचा सरासरी व्यास ४०, चालणारे वेढे साडेतेवीस, एवढ्यात ४.१ मिळतात. मोकळी लांबी २७५ मिलिमीटर, बसवताना ११५ दाबून १६०. पूर्ण उघडल्यावर १३९ उरते आणि वेढ्याला वेढा टेकतो १२७ मिलिमीटरच्या आसपास. एवढी लांब स्प्रिंग मधून वाकते, म्हणून ती दांडीवरच ओवा किंवा नळीत ठेवा. बसवताना लांब आट्यांचा नट वापरा. ४८ किलोचा दाब आहे, हाताने धरून बसवायची वस्तू नाही.

दाबली जाणारी स्प्रिंगच घ्या, ताणली जाणारी नको. ताणाच्या स्प्रिंगचा आकडा तुटला की जोर एका क्षणात शून्य. दाबाची स्प्रिंग दांडीवर असताना मधून तुटली तर दोन तुकडे एकमेकांवर टेकून राहतात, जोर थोडा घटतो आणि गव्हर्नर थोडा लवकर उघडायला लागतो. तुम्हाला चक्की मंद झालेली दिसते, मोडलेली नाही. पेन्सिल पुढे सरकली.

काडी तुटली तर? त्या पात्याचं वजन मोकळं झालं, ते एकटंच फेदर होतं, रोटर थरथरतो आणि आवाजावरून कळतं. पण रोटर थांबलेला असताना हेच सुटं पातं उलट्या बाजूला लोळू शकतं, आणि पुन्हा वारा आला की वजन चुकीच्या बाजूने ओढू लागेल. म्हणून प्रत्येक पात्याला स्वतःचा अडसर हवा, नेहमीच्या हालचालीच्या दोन-तीन अंश पलीकडे. रोजचा अडसर मात्र एकच, मधल्या दांडीवर. तीन ठिकाणी तीन अडसर घट्ट लावले तर तिन्ही पाती एकाच वेळी कधीच टेकणार नाहीत.

लावणं आणि पहिला वारा

पात्यांचे कोन जुळवायला प्रत्येक पात्यावर मुळापासून सारख्या अंतरावर खूण करा, तिथल्या आकाराचा लाकडी साचा बसवा आणि त्यावर कोनमापक ठेवा. रॉड एंडला एम-८ चे आटे असतील तर एक फेरा म्हणजे सव्वा मिलिमीटर, आणि ४० च्या शिंगावर १.८ अंश. अर्ध्या फेऱ्याने ०.९. यापेक्षा बारीक हवं असेल तर काडीच्या दोन टोकांना वेगवेगळ्या पिचचे आटे द्या. तिन्ही पाती अर्ध्या अंशाच्या आत आणा, मग चेक नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना काडी फिरते. वजनं तिन्ही एकाच काट्यावर तोला, बोल्ट-वॉशरसकट. शेवटी पूर्ण रोटरचा तोल बघा, पण पाती चालू स्थितीत असताना.

पहिल्यांदा स्प्रिंग पूर्ण दाबू नका. जोर वेगाच्या वर्गात जातो, म्हणून स्प्रिंगचा जोर पाव केला की उघडण्याचा वेग निम्मा होतो. ११५ च्या ऐवजी २९ मिलिमीटर दाबा, गव्हर्नर २४० फेऱ्यांना उघडायला लागेल. बेताच्या वाऱ्यात तो उघडताना, मिटताना, पुन्हा उघडताना बघा. जनरेटरची वायर मुद्दाम सोडून बघा. लोड नसताना वेग आवरला तरच तो गव्हर्नर. हे सगळं करताना रोटरच्या प्रतलात कोणी उभं राहायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. पुढे किंवा मागे, लांब. नीट चालला की स्प्रिंग टप्प्याटप्प्याने दाबत ४८० वर आणा.

थांबवायची सोयही आधीच करा. जनरेटरच्या तिन्ही तारा शॉर्ट करून ब्रेक लावतात, तो मंद रोटरला चालतो. जोरात फिरणाऱ्या रोटरला तो आवरेलच असं नाही, उलट वाइंडिंग जळेल. चकतीला टॉवरच्या पायथ्यापर्यंत केबल नेता आली तर उत्तम: पोकळ शाफ्टमधून दांडी, तिच्या मागे छोटं थ्रस्ट बेअरिंग, मग केबल. आधी केबल ओढून फेदर, मग शॉर्ट.

हबच्या पुढे नाकाडं, म्हणजे टोपीसारखं झाकण, बसवा, पाणी आत जायला नको, आणि गेलेलं बाहेर पडायला खाली एक भोक ठेवा. वर्षातून एकदा चक्की आडवी करून हब खोला. ही बेअरिंग पूर्ण फिरत नाहीत, एकाच जागी बसून थरथरतात, त्यामुळे गोळ्यांखाली बारीक खळगे पडतात. बोटाने फिरवताना दर थोड्या अंतराने अडखळल्यासारखं लागलं तर ५११०५ बदला. गुळगुळीत असेल तर धुवा, ग्रीस भरा आणि बेअरिंगची चकती थोडी फिरवून नव्या जागी बसवा. स्प्लिट पिन मात्र दर वेळी नवी.